हिरामावशीचा हसरा फोटो

आश्विनातलं ऊन तापायला लागलं की बोईसरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जागेवरून कुरबुरी सुरू होतात. शेजारच्या पाटीलवहिनींना गाद्या-गोधड्या टाकायच्या असतात, पहिल्या मजल्यावरच्यांना तांदूळ पसरायचे असतात आणि मला माझ्या लेन्स मांडायच्या असतात. समुद्राची खारी ओल पावसाळ्यात घरात पाहुणी म्हणून येते आणि मालकीण होऊन बसते. कपाटातल्या चपलांवर, कातड्याच्या पट्ट्यांवर ती पांढरी बुरशी सोडून जाते, आणि तीच बुरशी लेन्सच्या काचेतही शिरते. काच उजेडात धरली की आत केसाहून बारीक फांद्या पसरलेल्या दिसतात. कॅमेऱ्याचा नाद असलेल्या माणसाला त्या फांद्या दिसल्या की जेवण जात नाही. म्हणून पाऊस ओसरला की लेन्सना ऊन दाखवायचं. इकडे ज्यांना हा नाद आहे ते सगळे हे करतात, आणि ज्यांना नाही ते गच्चीच्या दारात उभे राहून आमच्या डोक्यांवर परिणाम झालाय का ते बघतात.

ऊन दाखवायचंही तंत्र आहे. दोन्ही झाकणं काढायची, लेन्स आडवी ठेवायची, मधूनमधून फिरवायची, आणि मुख्य म्हणजे तिला सोडून कुठेही जायचं नाही. एका वर्षी मी चहा प्यायला खाली गेले. वर आले तर पाटीलवहिनींच्या नव्या गोधडीला वाटाण्याएवढं काळं भोक पडलं होतं आणि त्यातून धुराची रेघ निघत होती. भिंगातून ऊन गोळा झालं की काय होतं हे शाळेत शिकलेली बाई मी, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी.  तेव्हापासून मी पिशवी घेऊन गच्चीवर चढले की वहिनीही खुर्ची घेऊन येतात.

यंदाही गेल्या आठवड्यात लेन्स मांडल्या. पावसानं धुतलेली हवा, वसाहतीतल्या कारखान्यांच्या चिमण्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की त्यांच्यावरच्या लोखंडी शिड्या मोजता आल्या असत्या. गाद्यांतून उबदार कापसाचा वास येत होता. वारा फिरला तेव्हा त्यात आमच्या वसाहतीचा तो नेहमीचा आंबूस-गोडसर वास मिसळला. बाहेरचा माणूस त्यानं नाक धरतो, आम्हाला तो चार दिवस आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. हे ऊन पाठीवर आलं की मला दरवर्षी सातपाटी आठवते आणि सातपाटीबरोबर हिरामावशीचे दात आठवतात.

आधी आमच्या चौघांबद्दल सांगायला हवं. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात नमुने तपासते. आठवडाभर तपासून हौस फिटत नाही म्हणून रविवारी लेन्स तपासते. दुसरे डॉक्टर. पालघरला त्यांचा दातांचा दवाखाना आहे आणि आमच्या गटातल्या सगळ्यात भारी लेन्स त्यांच्याकडे आहेत. तिसरे चुरी सर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना हातानं फोकस करायच्या जुन्या, जड लेन्सचं वेड. नवी लेन्स हातात घेतली की ते आधी तिचं वजन करतात आणि ‘प्लास्टिक’ एवढाच अभिप्राय देऊन परत करतात. चौथे मिश्राजी, कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात बॉयलरवर असतात. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली एकच लेन्स त्यांच्याकडे आहे आणि ती ते तांदळाच्या डब्यात ठेवतात, ओल लागू नये म्हणून. घरी खिचडी होताना दरवेळी ती बाहेर काढावी लागते, यावरून त्यांच्या मिसेसची बोलणी ते खातात.

खरं तर या माणसांची आपसात ओळख होण्याचं काही कारण नव्हतं. वय वेगळं, भाषा वेगळी, कमाई वेगळी. पण शेजारणीकडे विरजण मागावं तशी आमच्यात लेन्स मागितली जाते. डॉक्टरांची पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, जिच्यावर त्यांचा जीव आहे, ती महिना महिना मिश्राजींकडे असते आणि डॉक्टर त्यांच्या खिचडीवाल्या लेन्सनं फोटो काढत हिंडतात. ‘बिघडली तर?’ असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘त्यांच्याकडे असते तेव्हा ती दोनदा पुसली जाते. माझ्याकडे एकदाही नाही.’ एवढं साधं होतं ते. दुसऱ्याच्या हातात आपली प्रिय वस्तू गेली की माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी प्रयोगशाळेत उपकरणांवरून रोज बघते. म्हणून या माणसांचं मला फार कौतुक आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावर कधीच सांगत नाही.

रविवारी संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक खेळ चालतो. प्रत्येकानं एकच फोटो टाकायचा, लेन्सचं नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. मग कोपरे ताणून बघितले जातात, मागचं धूसर किती लोण्यासारखं आहे यावर वाद होतात, चुरी सर ‘रंग थंड आहेत, नवीच लेन्स असणार’ असं छातीठोक सांगतात आणि ती नेमकी त्यांचीच जुनी लेन्स निघते. हरेल त्यानं पुढच्या रविवारी भजी द्यायची. मिश्राजी मात्र ओळखायच्या भानगडीत पडत नाहीत. प्रत्येक फोटोखाली त्यांचं ‘अरे वाह, क्या बात है’ येतंच. आम्ही त्यांना चिडवायचो की भिंतीचा फोटो टाकला तरी तुम्ही वाहच म्हणाल. मग त्यांनी एकदा कुंभवलीच्या तळ्याचा फोटो टाकला. पहाटेचं स्थिर पाणी, त्यात उलटी चिमणी, चिमणीचा उलटा धूर, आणि त्या धुरातून पोहत निघालेली एक पाणकोंबडी. त्या रविवारी कुणीच लेन्स ओळखायला गेलं नाही. चुरी सरांनी बऱ्याच वेळानं फक्त लिहिलं, ‘वाह.’

आता भिंतीचं. लेन्स तपासायची म्हणजे एकच गोष्ट, एकाच जागेवरून, एकाच उजेडात, वेगवेगळ्या लेन्सनं टिपायची. जगभरचे हौशी लोक त्यासाठी विटांची भिंत वापरतात म्हणे. आम्हीही काही दिवस पालघर स्टेशनाजवळच्या एका भिंतीचे फोटो काढले. पण तिथं येणारेजाणारे थांबून भिंतीकडे बघायला लागले आणि एकानं तर विचारलं, ‘पाडायची आहे काय?’ मग आम्ही सातपाटीला गेलो. बंदरापलीकडे वाळत घालायची मोकळी जागा आहे. बांबूंच्या उभ्या-आडव्या चौकटी, त्यांना दोऱ्या ताणलेल्या. त्याला वलांडी म्हणतात. ओले बोंबील जोडीजोडीनं, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, त्या दोऱ्यांवर टाकलेले असतात. खाली वाळूत जुनी लाकडी पेटी, पेटीवर एक म्हातारी, हातात कावळे हाकायची काठी. ऊन तिच्या डाव्या गालावर. आम्ही एक तास तिथं होतो, तेवढ्या वेळात ती काठी सोडून तिचं काहीही हललं नाही.

‘भिंत सापडली,’ चुरी सर हळूच म्हणाले.

ती हिरामावशी. मुलगा बोटीवर जायचा, सून कविता पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि मावशी वलांडी राखायची. आम्ही फोटोचं विचारलं तेव्हा तिनं चौघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘माजा फोटू कशाला? मी काय पुढारी हाय?’ डॉक्टरांनी समजावलं की लेन्स चांगली की वाईट हे पाहायचं आहे, तुमच्या चेहऱ्यावर बारीक रेषा भरपूर आहेत, त्या सगळ्या स्पष्ट आल्या तर लेन्स चांगली. मी मनात म्हटलं, आता काठी पडते. पण मावशी खूश झाली. ‘म्हंजे माजं म्हातारपन तुमच्या कामाचं हाय त,’ म्हणाली. ‘बसा मंग. पन जाताना सुके बोंबील घ्यायचे.’

तेव्हापासून पावसाळा सरला की उन्हात शेकलेल्या लेन्स घेऊन आम्ही आधी मावशीकडे जायचो. फंगस गेली का, फोकस सरकला का, नवी लेन्स जुनीपेक्षा सरस का, सगळ्याचा निकाल मावशीच्या चेहऱ्यावर लागायचा. तिच्या डाव्या पापणीचे केस मोजता आले की आम्ही एकमेकांकडे समाधानानं बघायचो. आमचं वाक्य एकच असायचं, ‘मावशी, हलू नका.’ आणि मावशी हलायची नाही. ओठ मिटलेले, डोळे समोर, श्वाससुद्धा जपून. तपासणी संपली, कॅमेरे खाली आले की मात्र ती अशी हसायची की पलीकडच्या वलांडीवरच्या बायका काम सोडून इकडे बघायच्या. आधी खांदे उडायचे, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी आवाज यायचा. आम्ही बोंबलांची पिशवी काखेत मारून परतीच्या वाटेला लागलेले असायचो आणि पाठीमागून ते हसू ऐकू यायचं.

मला ते दिवस त्या हसण्याइतकेच वासानंही आठवतात. अर्धवट वाळलेल्या बोंबलांचा तिखट वास कपड्यांना चिकटून घरी यायचा. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला मीठ धरायचं. भरती आली की बोटींवरची रंगीत निशाणं एका बाजूला ताणली जायची, आणि दुपारनंतर ऊन असं मऊ, पिवळं व्हायचं की चुरी सर म्हणायचे, ‘या उजेडात बाटलीच्या बुडातूनसुद्धा फोटो चांगला येईल.’ मग लगेच डॉक्टरांकडे बघायचे. डॉक्टर हसायचे. लेन्सवरून भांडणारी माणसं लेन्सपेक्षा उजेडाला मानतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही गेलो तर मावशीचा गाल सुजलेला होता. ‘काय नाय, दाढ ठनकते,’ म्हणाली. डॉक्टरांनी कॅमेरा माझ्याकडे दिला आणि पहिल्यांदाच तिला सांगितलं, ‘मावशी, आ करा.’

तिनं तोंड उघडलं. डॉक्टर वाकून बघत राहिले. उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं या माणसानं मावशीच्या पापण्या मोजल्या, सुरकुत्या मोजल्या, आणि दातांचा डॉक्टर असून तिचे दात त्याला कधी दिसलेच नव्हते. डोक्यावर वलांडीवरचे सगळे बोंबील आ वासून दात दाखवत होते, एकट्या मावशीचं तोंड आम्ही मिटवून ठेवलं होतं. हिरड्या पार गेल्या होत्या, पू धरला होता, पुढचे वरचे दोन दात बोटानं हलत होते. सगळेच काढावे लागणार, आणि थांबून चालणार नाही, पुढचे आधी. डॉक्टरांनी येत्या बुधवारी दवाखान्यात बोलावलं. जखमा भरल्या की कवळी बसवू म्हणाले.

मावशी घाबरली नाही. थोडा वेळ काठीनं वाळूत रेघा ओढत बसली. मग म्हणाली, ‘त्याच्या आदी माजा एक फोटू काडा. हसताना.’

आम्हाला वाटलं, एवढंच ना. पण ती पुढे बोलत राहिली. श्रावणात तिच्या मुलाला मुलगी झाली होती, आणि ती पोर हसायला लागल्यापासून जो बघायला येई तो म्हणे, अगदी आजीचं हसू उचललंय. ‘उद्या ती मोटी व्हईल,’ मावशी म्हणाली. ‘लोक तिला सांगतील, आजीवानी हसतेस. ती माज्याकडं बगंल त हितं डॉक्टरची कवली. नव्या दातांनी हसले त ते हसनं डॉक्टरचं, माजं नाय. लग्नात फोटू काडला, तोंड मिटून. आधारकार्डाला काडला, तोंड मिटून. तुमी येवढे काडले, तेबी मिटूनच. एक तरी ऱ्हाऊ दे पोरीला दाखवायला.’

डॉक्टर म्हणाले, ‘मावशी, आमच्याकडे तुमचे इतके फोटो आहेत, त्यात एखादा सापडेलच.’

संध्याकाळी आम्ही चौघं आपापल्या घरी हार्ड डिस्क उघडून बसलो. ग्रुपवर पहिला निरोप डॉक्टरांचा आला, ‘माझ्याकडे डावे डोळे भरपूर आहेत.’ चुरी सरांकडे कान होते, कानातल्या कुड्या होत्या, एका फोटोत तर कुडीत पडलेलं समुद्राचं प्रतिबिंब होतं, पण कानाच्या पुढे काही नव्हतं. माझ्याकडे हात निघाले, काठीवरची बोटं, लुगड्याचा काठ, कपाळाच्या आठ्या. जिथं पूर्ण चेहरा होता तिथं एक डोळा धारदार आणि बाकीची मावशी लोण्यात बुडालेली, कारण त्या दिवशी आम्ही लोणीच तपासत होतो. शेवटी मिश्राजींचा निरोप आला, ‘मेरे पास पूरी माँजी हैं. लेकिन मुँह बंद है.’ त्या रविवारी कुणी फोटो टाकला नाही.

सोमवारी कामावरून सुटून आम्ही थेट सातपाटी गाठली. मावशी नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून पेटीवर बसली होती. कविता बाळाला घेऊन आली होती. आम्ही कॅमेरे डोळ्यांना लावले आणि मावशी भिंत झाली.

ओठ मिटले, डोळे समोर, श्वास जपून. आम्ही म्हटलं, मावशी, हसा. तिनं मान हलवून हो म्हटलं आणि आणखीच ताठ झाली. कॅमेरे खाली घेतले की तिला हसू फुटायचं, वर नेले की दिवा मालवल्यासारखं जायचं. मिश्राजींनी गावाकडचे विनोद सांगितले. तिला भाषा पुरती कळली नाही, पण त्यांचे हातवारे बघून ती खदखदली, आणि डॉक्टरांचं बोट बटणावर जाईपर्यंत पुन्हा भिंत. डॉक्टर लांब पल्ल्याची लेन्स लावून ओढून ठेवलेल्या होडीमागे लपले. मावशीनं मान न वळवता मला विचारलं, ‘बाय, डॉक्टर त्या होडीमागं कशाला वाकलाय? कंबर धरंल त्याची.’ चुरी सर म्हणाले, व्हिडिओ लावून ठेवू, त्यातून एक चित्र काढू. कविताचा फोन पेटीसमोर उभा करून आम्ही दूर गेलो. परत येऊन बघितलं तर त्यात एक म्हातारी पापणीही न लववता समोर बघत बसलेली, आणि मागून एक मांजर बोंबील ओढून नेतं. मांजराला हाकायलासुद्धा ती हलली नव्हती.

मंगळवारी पुन्हा गेलो. बाळाला तिच्या मांडीवर दिलं. बाळ हसलं, मावशीचे डोळे भरून आले, तोंड मात्र मिटलेलंच. ऊन उतरत होतं. मावशीचा गाल आणखी सुजला होता, डॉक्टरांना एक दिवसही पुढे ढकलायची हिंमत नव्हती. आमच्या पिशव्यांमध्ये काय नव्हतं? चंद्रावरचे खड्डे दिसतील अशी लेन्स होती, मुंगीचे पाय दिसतील अशी होती. आणि हात-दोन हातांवर बसलेल्या बाईचं हसू टिपता येत नव्हतं. मला रडू येत होतं. मी ते कॅमेऱ्याची पिशवी आवरायच्या निमित्तानं लपवलं. चुरी सरांनी लेन्सला झाकण लावलं. मिश्राजींनी आपला कॅमेरा मिसेसनी शिवलेल्या थैलीत घातला. कविता बाळाला पाजायला घरी गेली.

मावशीच आमची समजूत घालायला लागली. ‘जाऊ द्या. नशिबात नाय त नाय. तुमी काय कमी केलं?’ मग डॉक्टरांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, ‘येवढी वर्सं तुमी त्यात डोला घालून बगता. काय दिसतं काय त्यात?’

तिला कधी कुणी त्यातून बघायला दिलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टा तिच्या गळ्यात घातला. त्यांची ती लाडकी पंच्याऐंशीची लेन्स लावलेलीच होती. डोळा कुठं लावायचा, बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं आणि बाजूला झाले. मावशीनं एक डोळा घट्ट मिटला, दुसरा लावला आणि कॅमेरा आमच्याकडे वळवला.

त्यानंतर जे झालं ते आम्हाला आमचं कळलं नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं. पण चुरी सरांनी पोट आत ओढलं. डॉक्टरांनी हनुवटी उचलली. मिश्राजी हात मांड्यांना चिकटवून, कारखान्याच्या ओळखपत्राला उभे राहावेत तसे उभे राहिले. माझे ओठ आपोआप मिटले. आम्ही चौघं वाळूत रांगेनं, श्वास रोखून, आणि मागे आ वासलेले बोंबील.

मावशीचे खांदे उडाले. मग पोट. तिच्या हातातला कॅमेरा नाचायला लागला, बोट बटणावर दाबलेलंच होतं, आत खटखट खटखट चालू. मग तो आवाज आला. कावळे उडाले. मावशीनं डोळा काढला, कॅमेरा पोटाशी धरला आणि मान मागे टाकून हसत सुटली. मिश्रीनं काळवंडलेले दात, डावीकडची फट, पुढे झुकलेले ते दोन दात, उतरतं ऊन थेट त्यांच्यावर. इतकी वर्षं आम्ही तिच्यासमोर बसलो होतो आणि हे अख्खं हसू मी पहिल्यांदाच समोरून, थांबून बघत होते. माझा हात पिशवीकडे गेला. चेनपर्यंत पोचला आणि तिथंच राहिला. आता खाली बघितलं तर हे बघायचं राहून जाईल, एवढंच तेव्हा मनात आलं. बाकीच्यांनीही कॅमेऱ्याला हात लावला नाही. नंतर मी तिघांना विचारलं, तर तिघांनीही ‘सुचलंच नाही’ म्हटलं. मला ते खरं वाटत नाही.

हसू ओसरल्यावर डॉक्टरांनी कॅमेरा घेतला आणि मागच्या पडद्यावर फोटो पुढे पुढे सरकवत गेले. ‘हलला,’ ते सवयीनं पुटपुटले. ‘हलला. हाही हलला.’ आमच्यात हललेला फोटो ठेवत नाहीत, जागच्या जागी पुसतात. त्यांचा अंगठा त्या बटणावर गेलासुद्धा होता.

‘काय करता?’ मावशीनं विचारलं. ‘मी काडलेला हाय तो. मना दाखवा.’

तिनं ते सगळे फोटो पाहिले. चौघांची डोकी एकमेकांत मिसळलेली, आमच्या पाठीमागे बोंबलांच्या रेघाच रेघा. एका फोटोवर ती थांबली. ‘हा द्या मना,’ म्हणाली.

बुधवारी पुढचे दात निघाले, मग महिनाभरात बाकीचे. डॉक्टरांनी कवळी बनवताना जीव ओतला. तिचं ते हसू आता कवळीतून येतं, आवाज तोच, खांदे तसेच. दात मात्र एकासारखे एक, पांढरेशुभ्र. मावशी त्यांना अजून ‘डॉक्टरचे’च म्हणते. तो फोटो चुरी सरांनी मोठा करून, लाकडी चौकटीत बसवून दिला. सातपाटीच्या त्या घरात देवांच्या तसबिरींशेजारी आम्ही चार पुसट माणसं टांगलेली आहोत. मावशी पेटीवर आता रोज बसत नाही, पण आम्ही जातो. लेन्स तपासायला आम्ही परत स्टेशनाजवळची भिंत धरली आहे.

गेल्या रविवारी उन्हात शेकलेल्या लेन्स पिशवीत घेऊन गेलो होतो. कविता चहा टाकत होती. बाळ आता शाळेत जाणारी पोरगी झाली आहे, तिला सगळ्या गोष्टी विचारायच्या असतात. ती खाटेवर चढून फोटोसमोर उभी राहिली. बोट लावून तिनं आम्हाला एकेकाला ओळखलं, मिश्राजींना तर उभं राहण्यावरूनच. मग मागे वळली.

‘आजी, लोकं बोलतात ह्यो तुजा फोटू हाय. तू कुटं हायस यात?’

मावशी उठली आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

‘बग, ही समदी कशी हाललीत,’ ती म्हणाली.

पोरीनं मान डोलावली.

‘ते माजं हसनं हाय.’